तिसरी चकती

पेणच्या रामवाडीत, हायवेला लागून, टायरवाला आणि चहाची टपरी यांच्या मधल्या गाळ्यात सगुणा घरतचं सायकलचं दुकान होतं. मुळात ते तिच्या नवऱ्याचं, विठूचं. त्याला नागोठण्याच्या बाजूला एका कंपनीत शिफ्टची नोकरी लागली तेव्हा त्याने दुकान विकायला काढलं होतं. सगुणा म्हणाली, "नका विकू. मी बघते." विठूने हसत किल्ली तिच्या हातात दिली. फार तर पंधरा दिवस टिकेल असा त्याचा अंदाज होता. त्याला आता आठ वर्षं झाली होती.

सगुणा मिठागरावर वाढलेली. लहानपणापासून खाऱ्या पाण्यात मीठ ओढून तिच्या तळहातांची कातडी अशी काही बनली होती की पाना, कानस, हातोडी, कशाचंच तिला अप्रूप वाटलं नाही. बाई पंक्चर काढते हे बघायला पहिले काही महिने लोक उगाच थांबायचे. मग थांबायचे बंद झाले आणि सायकली घेऊन यायला लागले. चाकाचा आऊट काढण्यात तर तिचा हात धरणारं तालुक्यात कोणी उरलं नव्हतं. एक डोळा मिटून ती चाक फिरवायची, दोन-चार स्पोक आवळायची, एखादा सैल करायची, आणि चाक मुकाट सरळ फिरायला लागायचं.

एकोणीसशे नव्व्याण्णव सालच्या जानेवारीत एका सकाळी तिच्या दुकानापुढे एक पोरगी येऊन उभी राहिली. पंचविशीची असेल. काटक, काळीसावळी, पायात रबरी चपला आणि खांद्याला अडकवलेलं सायकलचं एक चाक. रोह्याहून ती पहाटेच्या पॅसेंजरने आली होती.

"आऊट काढून मिळंल?" तिने विचारलं.

सगुणाने चाक हातात घेतलं. टायर हाताच्या मनगटाएवढा जाड, त्याला खडबडीत दाते. असलं चाक तिने पाहिलं नव्हतं. तिने ते फिरवून बघितलं. रिम सुतात होती.

"चाक तर सरळ हाय गो. ह्यात काढायचं काय?"

"चाक नाय मावशी. ही चकती वाकलीय."

चाकाच्या मध्यभागी, हबच्या एका अंगाला, सहा स्क्रूंनी बसवलेली एक पोलादी चकती होती. बशीएवढी, बारीक भोकांची, आणि एका बाजूने चांगलीच मुडपलेली. साध्या सायकलला ब्रेकची रबरं रिमला घासतात. इथे रिमला काहीच घासत नव्हतं. पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खालच्या टोकाला एक लोखंडी जबडा असतो, तो दोन बाजूंनी ही चकती धरतो आणि चाक थांबतं, असं पोरीने हाताने दाखवून सांगितलं. नव्या मोटारसायकलींना असा ब्रेक यायला लागला होता, हे सगुणाला ठाऊक होतं. सायकलला असतो हे ती पहिल्यांदाच बघत होती. तिने चकतीवरून बोट फिरवलं आणि हातातली दुसरी कामं बाजूला सारली.

"बस. ही सायकल तुझ्याकडं आली कशी?"

पोरीचं नाव जानी वाघमारे. रोह्याच्या वरच्या अंगाला डोंगरात खैरटेपाची वाडी आहे, तिथली. एका कंपनीच्या गेस्ट हाऊसवर ती बागेचं काम करायची. तिथे डेन्मार्कचा एक इंजिनियर नऊ महिने राहिला होता. दर रविवारी तो सायकल घेऊन डोंगरात जायचा. एकदा वाट चुकला, तेव्हा जानीने त्याला वाट दाखवली. तो रस्त्याने सायकलवर आणि ती पाऊलवाटेने पळत. आणि प्रत्येक वळणावर ती त्याच्या आधी जाऊन उभी. साहेबाला त्याची गंमत वाटली. त्याने तिला सायकल शिकवली. महिन्याभरात डोंगर उतरताना तीच त्याला मागे टाकायला लागली. परत जाताना तो सायकल तिलाच देऊन गेला, आणि कोणी चोरीचा आळ घेऊ नये म्हणून तसं कागदावर लिहून सही करून गेला. तो कागद ती प्लास्टिकच्या पिशवीत घालून कायम जवळ बाळगायची. आजवर तीनदा दाखवावा लागला होता.

"आणि चकती वाकली कशी?"

"दगडावर पडली. रोह्यात दोघांना दाखवली. एक बोलला, फेकून दे, साधा ब्रेक बसवतो. मागच्या चाकाला तो हाय, पण ह्या पुढच्या चिमट्याला बसायला जागाच नाय. दुसरा बोलला, सायकल मला विक." जानीने कनवटीतून घडी घातलेलं पत्रक काढलं. "आणि ही शर्यत हाय, पाच आठवड्यांनी."

रोह्यातल्या एका मंडळाने डोंगरावरची सायकल शर्यत ठेवली होती. घाटाच्या कच्च्या रस्त्याने नऊ किलोमीटर चढायचं आणि पलीकडच्या अंगाने सात किलोमीटर उतरून नदीकाठच्या मैदानात यायचं. पहिल्या तिघांना मंडळ पुण्याच्या राज्य स्पर्धेला पाठवणार होतं.

"बायकांची वेगळी हाय, मैदानाला दोन फेऱ्या," जानी म्हणाली. "मला ती नको. ह्यावर लिवलंय, खुला गट. मी मंडळात जाऊन विचारलं, खुला म्हंजे कोणाला खुला? रघू म्हणून त्यांचा सेक्रेटरी हाय. तो बोलला, ये, पण ब्रेक तपासल्याशिवाय सोडणार नाय."

सगुणा हसली. "चकती ठेवून जा," ती म्हणाली.

दोन दिवस ती त्या चकतीशी झटली. लाकडी ठोकळ्यावर ठेवून, लाकडी हातोडीने अगदी बेताबेताने ठोकत तिने मुडप जवळजवळ काढली. आणि शेवटच्या ठोक्याला चकतीची हबकडे जाणारी एक दांडी तडकली. तिच्या हातून कोणाची वस्तू मोडण्याची ही पहिलीच वेळ होती. विठूने मुंबईच्या सायकल बाजारात ओळखीच्या माणसाला फोन करून विचारलं. बाहेरून मागवावी लागेल, तीन महिने धरा, असा निरोप आला.

"मग आपण बनवू," सगुणा म्हणाली.

"बनवू म्हंजे? तुला काय म्हायती त्यातलं?"

"नाय म्हायती. पण तीपण कोणीतरी बनवलीच होती ना."

रोह्याहून कुंडलिकेचा पूल ओलांडला की अष्टमी. तिथे हैबतराव नावाच्या गृहस्थांचं छोटं वर्कशॉप होतं. एक लेथ, एक ड्रिल मशीन आणि भिंतीला ओळीने टांगलेले पाने. कंपनीत तीस वर्षं फिटर आणि मग फोरमन म्हणून काढलेली. माणूस सरळ, पण आपलं म्हणणं खाली पडू द्यायचा नाही. सगुणा पॅसेंजरने रोह्याला उतरली, जानीला बरोबर घेतलं आणि मोडकी चकती त्यांच्या टेबलावर ठेवली.

हैबतरावांनी चष्मा लावून ती उलटसुलट पाहिली. मायक्रोमीटरने जाडी मोजली. दोन मिलिमीटरला जरा कमी. "ह्यात काय आहे एवढं वहिनी? लोखंडी प्लेट घेतो, गोल कापतो, भोकं पाडतो. परवा या."

पहिली चकती लोखंडाची झाली. दिसायला झकास. जानीने ती बसवून वाडीजवळच्या उतारावर सायकल सोडली, ब्रेक दाबला, सायकल थांबली. तिघंही खूश. पण दुसऱ्या दिवशी सकाळी दव पडलं आणि चकतीवर तांबूस गंज चढला. गंजाने जबड्यातले पॅड कानशीने घासावेत तसे खाल्ले. आठवड्याभरात ते पार संपले. साहेबाने जाताना पॅडचा एकच जादा जोड ठेवला होता. म्हणजे आता हातात उरला तो शेवटचा.

"गंजायला नको असेल तर स्टेनलेस," हैबतराव म्हणाले. "आधीच सांगायला हवं होतंत." आधी तर त्यांनीच लोखंड ठरवलं होतं.

दुसरी चकती स्टेनलेसची. कंपनीच्या भंगारातून आलेल्या टाकीचा पत्रा होता, आरशासारखा लखलखीत. हैबतरावांनी तो लेथवर लावताना मोठ्या प्रेमाने पुसला. ह्या खेपेस सगुणा स्वतः उतारावर उभी राहिली. जानी वरून निघाली. पहिल्या वळणाला ब्रेक लागला, दुसऱ्याला लागला. तिसऱ्याच्या आधी चकती किरकिरायला लागली, आणि पाहता पाहता चाक असं जागच्या जागी अडकलं की जानी सायकलवरून उडून कारवीच्या झुडपात जाऊन पडली.

सगुणा धावत गेली. जानीचं कोपर सोलवटलं होतं, गालाला ओरखडा होता. उठल्या उठल्या तिने आधी सायकल उचलली.

"तुझं हाड बघ आधी, सायकल राहू दे," सगुणा ओरडली.

"हाड काय नाय झालं. चकती बघ मावशी."

चकती तापून निळसर झाली होती आणि पापडासारखी वेडीवाकडी फिरली होती. जबड्यात ती मावतच नव्हती. सगुणाने तिला हात लावला आणि चटका बसून मागे घेतला. तिने जानीच्या कोपराला पदराची चिंधी बांधली. पोरीचं काही बरंवाईट झालं असतं तर, हा विचार काही केल्या तिच्या मनातून जाईना.

हैबतरावांनी वाकडी चकती बघितली आणि लेथचा दिवा बंद केला. "वहिनी, आता पुरे झालं. हे आपल्या आवाक्यातलं नाही. पोरीला साध्या सायकलवर सपाटीची शर्यत खेळू दे. कोणाचा जीव जायला नको."

शर्यतीला सतरा दिवस उरले होते. परतीच्या गाडीत सगुणा खिडकीशी बसून आली. मांडीवर पिशवीत तिन्ही चकत्या, मोडकी, गंजकी आणि वाकडी.

दुसऱ्या दिवशी दुपारी विठू पहिल्या पाळीवरून घरी आला. भात निवला होता, म्हणून सगुणाने तो ताटलीत वाढून ताटलीच गॅसवर धरली. जरा वेळात ताटलीने टप्पकन आवाज केला आणि तिचा तळ मधोमध फुगून वर आला. सगुणा बघतच राहिली. पातळ स्टीलची ताटली आचेवर अशी फुगते, हे तिने हजारदा पाहिलं होतं. अशीच ती चकती फिरली होती.

"जळंल ना भात," विठू म्हणाला.

तिने गॅस बंद केला, ताटली त्याच्यापुढे ठेवली आणि चपला अडकवून तडक दुकानात गेली. मोडक्या डायनामोंच्या डब्यातून तिने एक लोहचुंबक काढलं. ते आधी वाकड्या चकतीला लावलं. चिकटलं नाही. मग साहेबाच्या मोडक्या चकतीला लावलं. चुंबक कचकन जाऊन बसलं. तिने ते ओढून काढलं, पुन्हा लावलं. पुन्हा बसलं.

ती तशीच घरी परतली. ताटलीला लावलं, चिकटलं नाही. पातेलं, पेला, डबा, कशालाच नाही. मग तिने विळीच्या पात्याला लावलं. विळीचं पातं स्टीलचंच होतं, दोन वर्षांत त्याला गंज माहीत नव्हता. त्याला चुंबक घट्ट बसलं.

"स्टील दोन जातीचं असतं हो," ती विठूला म्हणाली. "भांड्याचं येगळं, पात्याचं येगळं. आमी भांड्याचं घेतलं."

विठूचा घास हातातच राहिला. सगळं नीट समजलं असं नव्हे, पण बायकोचा चेहरा पाहून त्याला एवढं कळलं की आता ही थांबायची नाही. "उद्या माझी सुट्टी हाय," तो म्हणाला. "दुकान मी उघडतो. तू जा अष्टमीला."

अष्टमीच्या भंगारवाल्याकडे सगुणा सकाळी नऊला गेली आणि दुपारी एकपर्यंत हलली नाही. ढिगातून पत्रे ओढायची, चुंबक लावायची, बाजूला टाकायची. जे चमकायचं त्याला चुंबक लागायचं नाही, ज्याला लागायचं ते गंजलेलं असायचं. भंगारवाल्याला आधी मजा वाटत होती, मग त्याने तिला पाणी आणून दिलं, आणि शेवटी तो स्वतःच वजनदार तुकडे उचलून द्यायला लागला. ढिगाच्या अगदी तळाशी त्यांना एक चपटं, लांब पातं सापडलं. कुठल्या तरी कारखान्याच्या यंत्रातलं, खरवडायच्या कामाचं. दोन पावसाळे उघड्यावर पडलेलं, भंगारवाल्याने सांगितलं. सगुणाने लुगड्याच्या पदराने चिखल पुसला. खाली मंद करडी चमक होती, गंजाचे नुसते एक-दोन डाग. तिने चुंबक टेकवलं आणि ते कचकन बसलं.

हैबतरावांनी मात्र मान हलवली. "चुंबक लागतंय म्हणजे साधं लोखंडच हे. मी तीस वर्षं काढली आहेत यात."

"साधं लोखंड दोन पावसाळे असं ऱ्हाईल का, हैबतराव? तुमीच सांगा."

हैबतरावांनी पातं उजेडात नेलं. नखाने डाग खरवडला. कानस एकदा मारून पाहिली, पुन्हा मारून पाहिली. कानस सहजासहजी लागत नव्हती. मग त्यांनी साहेबाची मोडकी चकती शेजारी ठेवली आणि दोन्हींवर कानस मारून आवाज ऐकला.

"हं," ते म्हणाले. "काय मापाची करायची?"

खरी वादावादी तिथे सुरू झाली. साहेबाची चकती एकशे साठ मिलिमीटरची होती. सगुणाला एकशे ऐंशीची हवी होती. आठ दिवस ती एकच गोष्ट बघत आली होती: उतार लांब असला की ब्रेक दाबून दाबून जानीची बोटं आखडतात, आणि बोटं आखडली की ती उशिरा दाबते. दरवाजा बिजागरीपाशी ढकलला तर जोर लागतो, कडेला ढकलला तर बोटाने लोटतो. चकती मोठी केली तर जबडा चाकाला मध्यापासून लांब धरील आणि कमी जोरात थांबवील. शिवाय मोठी चकती तापायलाही वेळ घेईल.

"आणि जबडा दहा मिलिमीटर बाहेर सरकवायला पट्टी बनवावी लागेल," हैबतराव म्हणाले. "चिमट्यावर जास्त ताण येईल. तो तुटला तर? कंपनीने एकशे साठ दिली ती काय उगाच?"

"साहेब रविवारी फिरायला जायचा. ही शर्यतीत जाणार हाय."

"वहिनी, हे असं मनाने ठरवायचं काम नाही."

"मग मनाने नको. करून बघू."

पातं चिवट होतं, पण हैबतरावांचा हातही चिवट होता. गोल कापून झाल्यावर जाडी उतरवायला ते ती चकती धाटावच्या एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये घेऊन गेले. तिथल्या ग्राइंडिंग मशीनचं टेबल चुंबकी होतं. घासायची वस्तू त्यावर नुसती ठेवायची, टेबलच ती धरून ठेवतं. आधीच्या स्टेनलेसला त्या टेबलाने धरलंच नव्हतं, म्हणून ती लेथवर कशीबशी घासून घ्यावी लागली होती. ही चकती टेबलाला अशी सपाट चिकटली की दोन्ही बाजू काचेसारख्या सारख्या झाल्या. परत येताना हैबतराव स्वतःशीच हसत होते. भोकं सगुणाने आखली. जुन्या चकतीचा ठसा पुठ्ठ्यावर घेऊन, कंपासने वाढवून, एकेक बिंदू पंचाने ठोकून. ती भोकं शोभेची नव्हती. धूळ आणि चिखल पॅडखाली अडकू नये, निघून जावा, म्हणून होती. ड्रिलची तीन टोकं मोडली.

मग करून बघायचा दिवस आला. वर्कशॉपच्या दारात सायकल खांबाला बांधून पुढचं चाक अधांतरी ठेवलं. आधी जुनी लोखंडी चकती बसवली. जानीने दोन बोटांनी ब्रेक दाबून धरला आणि हैबतरावांनी टायरच्या कडेला मिठाची अर्धी गोणी टांगली. चाक सरकन फिरलं आणि गोणी जमिनीवर आली. मग नवी चकती, नवी पट्टी. जानीने दोन बोटांनी ब्रेक दाबला. अर्धी गोणी टांगली. चाक हललं नाही. हैबतरावांनी गोणीत आणखी मीठ ओतलं. चाक हललं नाही. त्यांनी गोणी काठोकाठ भरली, चिमट्याला कान लावून ऐकलं, पट्टीचे स्क्रू बोटाने चाचपले. कुठे कुरकुर नाही.

"एक बोट काढ," सगुणा म्हणाली.

जानीने एक बोट काढलं. गोणी तशीच लटकत राहिली.

हैबतरावांनी चष्मा काढून पुसला. "एकशे ऐंशी," ते म्हणाले. "मान्य."

शर्यतीच्या सकाळी घाटाच्या पायथ्याला, शाळेपुढे, एकतीस सायकली रांगेत होत्या. अलिबागचे, पनवेलचे, महाडचे खेळाडू, रंगीत बनियनी, डोक्याला टोप्या. जानी पंजाबी ड्रेस गुडघ्याखाली बांधून, ओढणी कमरेला आवळून शेवटी उभी होती. रघू ब्रेक तपासत तपासत तिच्यापाशी आला. चकतीकडे बघून त्याच्या कपाळाला आठी पडली.

"हे कोणी बसवलंय? घरी केलेलं दिसतंय. असं नाय चालणार. उद्या काय झालं तर जबाबदारी कोणाची?"

"माझी," सगुणा पुढे होऊन म्हणाली. "लिवा. सगुणा विठू घरत, रामवाडी, पेण."

"ताई, लिहून काय होतं? ब्रेक लागला पाहिजे ना."

जानीने सायकल मागे नेली. शाळेच्या उतारावरून ती जोरात खाली सुटली. रघूने घाबरून दोन पावलं मागे टाकली, तोवर सायकल सुरुवातीच्या चुन्याच्या रेघेवर येऊन थांबली होती. बरोब्बर रेघेवर. पहिल्या रांगेतल्या पोरांनी माना वळवून पाहिलं. रघूने आपल्या कागदावर जानीच्या नावापुढे खूण केली आणि पुढे गेला.

उताराच्या शेवटी, मैदानाच्या किलोमीटरभर आधी, कच्चा रस्ता कालव्याखाली येतो. कालवा तिथे गळका होता. रस्त्यावर घोटाभर पाणी वाहत होतं आणि पाणी संपतं न संपतं तोच रस्ता काटकोनात डावीकडे वळत होता. समोर भाताची रिकामी शेतं. सगुणा आणि हैबतराव तिथेच बांधावर जाऊन उभे राहिले. काही बिघडलंच तर तिथे बिघडेल, असं सगुणाला वाटत होतं.

पाऊण तास गेला. चढावर जानी आठवी होती, अशी बातमी कोणीतरी आणली. सगुणाने पदर दातात धरला. मग वर धूळ दिसली.

पहिला आला तो अलिबागचा. पाण्यात शिरला, ब्रेक दाबले, आणि ओल्या रिमवर रबरं नुसती सुळसुळली. वळण त्याला मिळालंच नाही. तो सरळ बांध ओलांडून शेतात गेला आणि पेंढ्यात बसला. लागलं नव्हतं, पण सायकलची साखळी निघाली होती. मागचे दोघे ते बघून शहाणे झाले. पाण्याच्या कितीतरी आधीपासून पाय जमिनीला घासत, जवळजवळ चालत, ते वळणाला आले.

आणि त्यांच्या मागून जानी आली. वाकून, कोपरं बाहेर काढून, डोंगर अजून संपलेलाच नाही अशा वेगात. "दाब गो," सगुणा पुटपुटली, "दाब आता." जानीने दाबलं नाही. ती पाण्यात शिरली, दोन्ही बाजूंना पाण्याचे पंखे उडाले, आणि मग सगुणाला तिचं एक बोट ब्रेकवर मिटताना दिसलं. तापलेल्या चकतीवर पाण्याचा चुर्र आवाज झाला, वाफेची एक रेघ उठली, सायकलचं नाक खाली दबलं. चाक अडकलं नाही, घसरलं नाही. जानी त्या दोघांच्या आतल्या अंगाने वळली आणि निघून गेली.

हैबतरावांनी सगुणाचं मनगट धरलं होतं. त्यांच्या ते ध्यानातही नव्हतं.

पुढचा किलोमीटर सपाट. मागच्या दोघांनी जीव तोडून पायडल मारायला सुरुवात केली. झाडांमुळे पुढचं काही दिसेना. सगुणा बांधावरून धावत सुटली, लुगडं खोचून, चपला हातात घेऊन. मध्यावर असतानाच मैदानावरचा कर्णा खरखरला. "सत्तावीस नंबर," माणूस म्हणाला आणि थांबला. कागद चाळल्याचा आवाज आला. "सत्तावीस नंबर, पहिला. पहिली. जानी वाघमारे, खैरटेपाची वाडी."

सगुणा धावायची थांबली. शेताच्या मधोमध उभी राहून तिने डोळे पुसले आणि मग चपला घालून सावकाश चालायला लागली, कारण आता घाई नव्हती.

मैदानात खैरटेपाची सगळी वाडी लोटली होती. जानी जमिनीवर पाय पसरून बसली होती, तोंड धुळीने भरलेलं, आणि हसणं काही केल्या तिला आवरत नव्हतं. सगुणाला पाहताच तिने हात वर केले. सगुणाने तिचं डोकं दोन्ही हातांनी धरून पोटाशी दाबलं. मग ती वाकली, पुढचं चाक उचललं आणि फिरवलं. चकती किंचित सोनेरी पडली होती. जबड्यातून ती नुसती वाऱ्यासारखी फिरत होती, कुठे खर्र नाही.

रघू शिल्ड घेऊन आला होता. त्याने हैबतरावांना विचारलं, "फोरमनसाहेब, हे स्टील निवडलं कसं तुम्ही? मापपण मोठं दिसतंय."

हैबतराव सांगण्यासाठी घसा साफ करायला लागले. मग त्यांनी सगुणाकडे बोट केलं. "त्यांना विचार. मी फक्त कापली."

सगुणाने सांगितलं. ताटलीचं, विळीचं, भंगाराच्या ढिगाचं. अलिबागचा खेळाडू साखळी बसवून तिथे येऊन उभा होता, तोही ऐकत होता. त्याने विचारलं, "माझ्या सायकलला असं काही होईल का?" सगुणा म्हणाली, "चिमटा बघावा लागंल. रामवाडीत ये."

गर्दी पांगायला लागली तेव्हा जानीने सायकल सगुणापुढे धरली. "मावशी, बस ना."

"मी?"

"तू चालवलीच नाय अजून."

ते खरं होतं. पाच आठवडे तिने ती सायकल उलटी केली, सुटी केली, बांधली, टांगली, पण सीटवर काही बसली नव्हती. तिने कासोटा घट्ट केला आणि बसली. सीट उंच होती, पाय जेमतेम टेकत होते. मैदानाला तिने एक फेरी मारली, दुसरी मारली. जाड टायर मऊ मातीवरून गुमान धावत होते. वाडीच्या बायका हाका मारायला लागल्या. तिसऱ्या फेरीला नदीच्या बाजूने उतार लागला, सायकलने वेग घेतला, वारा तोंडावर आला. सगुणाने भरपूर वेग होऊ दिला. मग एक बोट ब्रेकवर ठेवलं आणि मिटलं.